एक डाव आधी

"मावशी, परत मेलात?"

"मी नाही रे बाबा, वैदीण मेली. चला, पुन्हा पहिल्यापासून."

दाढीवाला बसल्या बसल्या आपली फिरती खुर्ची पायाने ढकलत माझ्या टेबलाशी आला. कॉम्प्युटरवरचे हे लढाईचे खेळ तो रचतो, आणि ते बाजारात जायच्या आधी आम्ही खेळून खेळून त्यातल्या चुका शोधतो. ऑफिसात सगळ्यात म्हातारी मी, म्हणून मावशी. लोकांना वाटतं, पगार घेऊन गेम खेळतात, काय चैन आहे! एकाच किल्ल्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत मरून बघा म्हणावं. डोळे चुरचुरतात, मान धरते आणि घरी गेल्यावर भाजीसुद्धा चिरावीशी वाटत नाही.

खेळ साधा आहे. आधी मी माझी माणसं एकेक करून हलवायची, मग शत्रूने त्याची. किल्ला निम्मा सर झाला की मागच्या दारातून शत्रूची कुमक येते, घोड्यावरचे तिरंदाज. आणि आल्या आल्या, त्याच डावात, बाण सोडतात. मागे कोण असतं? जिला लढता येत नाही ती, जखमा बांधणारी वैदीण. आपणच तिला मागे ठेवलेलं असतं, की बाई गं, तू इथे थांब, इथे तुला काही होणार नाही.

"हे बदल," मी म्हटलं. "आले की त्यांना नुसतं दारात उभं राहू दे. मधे एक डाव मला दे. मग सोडू देत काय बाण सोडायचेत ते."

"मग धक्का कसला बसणार, मावशी? आणि लोक बेरकी असतात. कुमक दिसली की मारतील, नाहीतर दारातच माणूस उभा करतील. किल्ला फुकटात हातात."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दार अडवलं की कुमक येत नाही, हे असले खेळ खेळणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण माझं डोकंच त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं.

"पहिल्यांदा खेळणाऱ्याने काय करायचं? त्याला स्वप्न पडणार आहे का? धक्का कसला देतोयस, सरळ कानाखाली वाजवतोयस तू!"

"आज फारच पेटलात."

"पेटले नाही रे. दमलेय."

खरंच दमले होते. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. धडधाकट माणूस, कधी साधी सर्दी नाही. गेले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला, "येताना टॉर्चचे सेल आण, विसरशील." मी म्हटलं, "मी कधी काय विसरलेय?" झालं, एवढंच बोलणं. संध्याकाळी सेल घेऊन गेले तर दारात शेजाऱ्यांच्या चपलांचा ढीग.

"तू आला होतास ना रे घरी?" मी दाढीवाल्याला म्हटलं. "सगळे काय म्हणत होते? काही कळायच्या आत गेले, भाग्यवान माणूस. मला त्या भाग्याचा राग येतो. मला कळायच्या आत गेले, त्याचं काय? वाचले नसते, मान्य आहे मला. पण मी घरी गेले असते ना! जवळ बसले असते."

तो खुर्ची ढकलत आपल्या टेबलाशी गेला आणि बराच वेळ खटखट करत राहिला. मग तिकडूनच म्हणाला, "बघा आता. एक डाव दारात थांबतील. पण दार अडवलंत तर शेजारच्या खिंडारातून येतील. तेवढं मी सोडणार नाही."

"नको सोडूस."

तपासायचं म्हणजे अगदी गाफील माणसासारखं खेळायचं. मी वैदिणीला मुद्दाम मागच्या दाराजवळ ठेवलं आणि बाकीची फौज पुढे नेली. दार उघडलं. घोडेस्वार आले आणि उभे राहिले. माझा डाव सुरू झाला.

मी पटावरची घरं मोजली. वैदिणीला कुठेही पळवलं तरी बाण पोचत होते. स्वार इतके, की एका डावात सगळे मारणंही शक्य नव्हतं.

"ती जाणारच आता," दाढीवाला माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. "बाकीच्यांना पुढे काढा, किल्ला घ्या. पुढच्या वेळी लोक शहाणे होतील."

मी भालेवाल्याला मागे आणलं आणि तिच्या डाव्या हाताला उभं केलं. मग ढालवालीला आणलं. मग म्हाताऱ्या सेनापतीला.

"मावशी, अडवून उपयोग नाही. बाण डोक्यावरून जातात."

"माहितीये."

"मग?"

जखमी पायाचा एक शिपाई उरला होता, तो चालायला सगळ्यात मंद. तोही कसाबसा पोचला. आता तिच्या चारही बाजूंना आपली माणसं होती.

कोपऱ्यात 'डाव संपवा' हे बटण लुकलुकत होतं. ते आपण दाबेपर्यंत शत्रू जागचा हलत नाही, कितीही वेळ थांबा. दाढीवाल्याने हळूच त्याची खुर्ची आणून माझ्या खुर्चीला लावली. बाहेरून कुणीतरी चहाला हाक मारली, तर त्याने हातानेच नको म्हणून सांगितलं.

मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"बसू या जरा," मी म्हटलं.