पडली की पाडली

मी छडी बोलतेय. शाळेतल्या मास्तरांची नव्हे. नकाशावर देश दाखवायची, मेपलच्या लाकडाची, टोकाला पितळी टोपी असलेली छडी.

कॅनडातल्या विंडसरच्या एका दुकानातून मला प्रोफेसर हेमचंद्र सरांनी विकत घेतलं. ते मूळचे नागपूरचे, विषय अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा इतिहास. नदीपलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉईट दिसायचं. "ज्यांच्यावर लिहितो ते समोरच राहतात," असं ते पाहुण्यांना सांगायचे. २००३ साली इराकवर हल्ला झाला तेव्हा सरांच्या वर्गात उभं राहायला जागा नसायची. माझं टोक नकाशावर आपटत ते सांगत, इथे शाळेवर बॉम्ब, इथे लग्नाच्या मांडवावर. नकाशाला भोकं पडली होती. मेलेल्यांची बाजू घेणारा मालक मिळाला, म्हणून मी खूश होते.

मुलगी ईशानी हिने शाळेच्या निबंधात लिहिलं की युद्धात पूल पडला. सरांनी मला टेबलावर हाणलं.

"पडला नाही, पाडला. पडणं वेगळं, पाडणं वेगळं. पाडणाऱ्याचं नाव लिही."

"ओके, डॅड."

याच माणसाचा हात घरात उठायचा. इथून पुढे मी त्याला सर म्हणणार नाही. भाजीत मीठ जास्त पडलं, फोन उशिरा उचलला, एवढं कारण त्याला पुरायचं. बायकोला, शीलाताईंना, तो मलाच वापरून मारायचा. पाठीवर, पोटऱ्यांवर, कपड्यांखाली झाकलं जाईल तिथे. माझ्या टोपीला रक्त लागलं की रुमालाने पुसायचा आणि सकाळी मला वर्गात घेऊन जायचा. किळस यायची मला त्याची.

२००७च्या हिवाळ्यात त्याच्या पुस्तकाला बक्षीस मिळालं. घरी पार्टी ठरली. शीलाताईंनी समोसे कमी सांगितले, म्हणून बेसमेंटच्या जिन्यात त्याने मला त्यांच्या मनगटावर हाणलं आणि त्यांना खाली ढकललं. हाड मोडल्याचं मी ऐकलं.

पार्टीत शेजारच्या उल्काताईंनी विचारलं, "अगं, हाताला प्लास्टर कसलं?"

"बेसमेंटच्या पायऱ्यांवरून पडले," शीलाताई म्हणाल्या.

ईशानी एरवी इंग्लिशमध्येच उत्तरं द्यायची. त्या दिवशी ती मराठीत बोलली.

"आई पडली नाही. डॅडने आई पाडली."

पाहुणे हसले. दिलीपकाकांनी कौतुकाने सुधारलं, "पाडली नाही गं बेटा, पडली म्हणायचं."

"नो, अंकल. आय नो द डिफरन्स. डॅडनेच शिकवलाय."

हसू थांबलं. तो घाईने म्हणाला, "हिचं मराठी म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे." सगळे शीलाताईंकडे बघू लागले. त्या नुसत्या हसल्या असत्या तरी पाहुणे जेवून घरी गेले असते, आणि मग घरात तो, मी आणि त्या दोघी उरलो असतो.

"मराठी बरोबर आहे तिचं," शीलाताई म्हणाल्या.

उल्काताईंनी तिथूनच पोलिसांना, ९११ला फोन लावला.

आता मी पोलिसांच्या ताब्यात, एका प्लास्टिकच्या पिशवीत आहे. मायलेकी दूर बर्नाबीला राहायला गेल्या. शिक्षा भोगून तो बाहेर आलाय आणि मला परत मागतोय. इतक्या वर्षांच्या शिकवण्याची आठवण आहे म्हणे. तुमच्यापैकी कुणाच्या हातात असेल तर मला त्याच्याकडे देऊ नका. गुडघ्यावर ठेवून मोडा, जाळा, काहीही करा. त्याने पुन्हा लग्न ठरवलंय.