अर्ध्या मिनिटाची बैठक

अमेरिकेच्या सिनेटला नाताळची सुट्टी होती, पण कागदोपत्री नव्हती. सुट्टी लागली की राष्ट्राध्यक्ष सिनेटला न विचारता आपली माणसं खुर्चीत बसवतात. म्हणून दर तिसऱ्या दिवशी कुणीतरी रिकाम्या सभागृहात जायचं, हातोडा आपटून बैठक सुरू म्हणायचं आणि लगेच संपली म्हणायचं. मेरीलँडच्या सिनेटर कोरा बीचमचं घर जवळ, तेव्हा हे लचांड तिच्याच गळ्यात.

आदल्या दिवशी खुद्द राष्ट्राध्यक्षांचा फोन आला. पक्ष एकच, त्यामुळे आडपडदा नव्हता. "कोराबाई, उद्या बर्फ पडणार म्हणतात. घरीच बसा. एक खाडा पडला की सुट्टी खरी ठरते, वेंडेलची नेमणूक संध्याकाळी करतो."

वेंडेल तिचा धाकटा भाऊ. खाडीत खेकडे पकडून हाडं झिजवलेला. देशाच्या मत्स्य खात्याचा प्रमुख म्हणून त्याचं नाव वर्षभर सिनेटमध्ये मंजुरीविना कुजत पडलं होतं.

सकाळी तिची गाडी बर्फात गाडली गेली, म्हणून वेंडेलच आपला ट्रक घेऊन आला. फोनचं त्याला ठाऊक नव्हतं.

"ताई, अख्खं राज्य पांघरुणात आणि तू निघालीस लाकूड आपटायला!"

सिनेटची इमारत, कॅपिटॉल, समोर दिसू लागली तेव्हा तिला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. त्याने ट्रक कडेला घेतला.

"म्हणजे माझ्याच गाडीत बसून माझ्याच पोटावर पाय द्यायला निघालीस?"

"तू लायक आहेस रे. पण तुझ्यासाठी आज वाट करून दिली, तर उद्या तिथून कुणीही सोम्यागोम्या घुसेल. मग आम्हाला विचारतंय कोण?"

"वर्षभर तरी मला कोणी विचारलं?"



"तू म्हणालास तर परत फिरू," ती हळूच म्हणाली.

"वा! सिनेटर तू, आणि पाप माझ्या माथी? उतर."

ती उतरली. आत एक कारकून जांभया देत उभा होता. तिने हातोडा आपटला, दोन वाक्यं म्हटली, पुन्हा आपटला.

बाहेर आली तर ट्रक नव्हता. फाटकावरचा पोलीस चुळबुळत म्हणाला, "बाई, ते साहेब सांगून गेले. शुक्रवारी दुसरा ड्रायव्हर बघा म्हणाले."

कोराला हसू आलं आणि लगेच रडूही. शुक्रवारी पुन्हा हातोडा आपटायला यायचं तर होतंच.