मनगटावरचा लाल डाग

कोराडी रोडवरच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. कावीळ झालेल्यांच्या मनगटाला दोरेबाबा लाल दोरा बांधत होता आणि चेला भोंग्यावर सांगत होता, "मोठ्या दवाखान्यात शंभरातले तीस मेले. बाबांकडे शंभरातले चार. आकडा देवाचा आहे."

गर्दीत उमरेडचा विणकर मारोतराव होता. त्याची बायको जयवंता याच मांडवात अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी ती बरळू लागली, तसा चेल्यांनी तिचा दोरा कापला आणि तिला दवाखान्यात टाकून आले. तासाभरात ती गेली.

मारोतराव आज रडायला आला नव्हता.

महिन्यापूर्वी प्रमोदिनीबाई त्याच्या घरी आल्या होत्या. नर्सिंगच्या एम.एस्सी.साठी त्या मोठ्या दवाखान्यातल्या काविळीच्या मृत्यूंचा अभ्यास करत होत्या.

"भाऊ, वय, गरोदरपण, ताप, सगळं एकत्र तोललं, तरी एवढी माणसं का मरतात ते कळत नाही. एकच गोष्ट उरते. काही कार्डांवर सिस्टरांनी 'मनगटावर लाल डाग' लिहिलंय. जयवंताबाईंच्याही. हे कोणतं लक्षण?"

"लक्षण कायचं, बाई. बाबाच्या दोऱ्याचा कच्चा रंग आहे तो, घामानं सुटते. जनमभर सूत रंगवून राहिलो मी."

"पण दोरा तर नव्हता."

"कापला ना त्याईनं."

बाईंनी डागाचा रकाना धरून पुन्हा आकडेमोड केली. मेलेल्या तिसांपैकी बावीस डागवाले निघाले. वय आणि गरोदरपण सारखं असलेल्यांतही डागवाले तिपटीनं मेले होते. सगळे शुद्ध हरपल्यावर आणलेले.

आज मांडवात मारोतराव तांब्याभर पाणी घेऊन मंचावर चढला.

"बाबा, माह्या बायकोले कोनं मारलं?"

"दवाखानेने, बेटा. वो सुई में जहर रहता."

मारोतरावानं तांब्यातलं पाणी मनगटावर ओतलं, ताटातला दोरा उचलला, ओल्या मनगटावर करकचून आवळला आणि सोडला. मग भोंग्याचा माईक ओढून हात वर केला.

"पाहा. हा डाग घेऊन बावीस जण तिकडं मेले. मरायले टेकला की हा बाबा दोरा कापते आन् दवाखान्यात फेकते. जगला तर याचा, मेला तर दवाखान्याचा."

बाबा उठू लागला. मारोतरावानं खांदा दाबला.

"बस गा. नाव घे तिचं. जयवंता."

मारोतरावानं माईक बाबाच्या तोंडाशी नेला.

"जयवंता," बाबा पुटपुटला. भोंग्यानं ते रस्त्यापर्यंत नेलं.

पहिल्या रांगेतल्या म्हातारीनं सुनेच्या हातातला दोरा तोडला. "चाल वं तारा, दवाखान्यात. अजून चालता येते तुले."

मांडव अर्धा रिकामा झाला. मारोतरावाला ते पुरेसं नव्हतं. उरलेल्या अर्ध्या मांडवातली माणसं तो मोजत उभा राहिला.

चमत्काराचा आकडा कोणी सांगितला, तर एवढंच विचारा: मोजलं कोणी, आणि मेलेले कोणाच्या पारड्यात टाकले?