पाळण्यातली निळी वायर

तुमच्या घरात इंटरनेट वायरीतून घ्यायचं की हवेतून, हे कोणत्या दिवशी ठरलं, आठवतंय का तुम्हाला? बहुतेक नसेल आठवत. आमच्या घरी ते एका बारशामुळं ठरलं, आणि त्या बारशात मी पाळण्यात होते.

मी एक निळी वायर बोलतेय. माझ्या पोटात आठ बारीक तारा आहेत, दोन-दोन करून एकमेकींना पिळा घातलेल्या. दोन्ही टोकांना प्लास्टिकचं तोंड आणि त्या तोंडाला नखाएवढी जीभ. तोंड मशीनमध्ये घातलं की ही जीभ 'टिक' करते. टिक झालं की मी कामावर रुजू. नाही झालं, तर मी नुसती दोरी.

मला चौसाळ्याला आणलं शहादेवनं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तेव्हा गावात मोबाइल आले होते, पण त्यांच्यात समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता. शिवलिंगअप्पांचं हायवेला दुकान होतं. दोर, सुतळी, ताडपत्री, कोयते असा माल. ऊसतोडीला निघालेली माणसं दसऱ्याच्या आसपास तिथं गर्दी करायची. पुढं दुकान, मागं घर, मध्ये देवघराची जाड दगडमातीची भिंत. टेलिफोनची लाइन दुकानात आली होती, आणि अप्पांचा मुलगा राजेश्वर दुबईहून येऊन गेला तेव्हा ठेवून गेलेला लॅपटॉप माजघरात होता. आता लाइन माजघरापर्यंत न्यायची कशी, एवढाच प्रश्न होता.

"वायरचा जमाना गेला, अप्पा," शहादेव म्हणाला. "हे मशीन दुकानात ठिवा. हवेतून जातंय सगळं."

"दिसत न्हाई त्या वस्तूवर माझा भरवसा न्हाई," अप्पा म्हणाले.

"मग देव दिसतो व्हय तुमाला?" आतून शांतादेवींचा आवाज आला. अप्पांच्या त्या पत्नी.

अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग बाहेर काढून दाखवलं. "हा काय. दोऱ्यानं बांधलेला हाय. हवेत सोडलेला न्हाई."

शहादेवनं मला पिशवीतून बाहेर काढलं. अप्पांना मीच हवी होते. पण शांतादेवींनी दोनच वाक्यांत माझा निकाल लावला. देवघराच्या भिंतीला भोक पाडू देणार नाही, हे पहिलं. उंबऱ्यावरून वायर नेली तर येणारा-जाणारा पाय देईल, तेही नको, हे दुसरं. भिंत नाही आणि उंबरा नाही, म्हणजे मला वाटच उरली नाही.

शिवकन्येलाही बिनवायरचंच हवं होतं. शिवकन्या ही त्यांची मोठी मुलगी. नांदूरघाटला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती माहेरी असते आणि दुकान तीच सांभाळते. ती म्हणाली, "वायर आसली की एका जाग्यावर बसावं लागतंय. मला ते उचलून पाळण्यापाशी न्यायचंय."

पाळण्याचं असं होतं की राजेश्वरला दुबईत मुलगी झाली होती. त्याची बायको प्रणिता, तिचं बाळंतपण तिकडेच झालं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या चौसाळ्यात आणि कान दुबईत. म्हणून हा सगळा खटाटोप.

शहादेवनं जाताना मला एकदा लावून दाखवलं, आणि हिसका देऊन ओढून काढलं. तेवढ्यात एका टोकाची जीभ तुटली. त्यानं ती बघितली आणि फुंकर मारून जमिनीवर उडवली. मग मला गुंडाळून दुकानातल्या खिळ्याला अडकवलं. शेजारी कासरे होते, दावी होती. एका शेतकऱ्यानं मला हात लावून विचारलं, "अप्पा, ही निळी बैलाला चालंल का?"

"बैलाला इंटरनेट द्यायचा आसंल तर ने," अप्पा म्हणाले.

बिनवायरचं मशीन फळीवर बसलं होतं. काळं, छोटं, एक कान उभा केलेलं. आणि ते काम करत होतं, हे मला मान्य केलंच पाहिजे. शिवकन्या दुपारी गिऱ्हाईक नसलं की लॅपटॉप दुकानात आणायची आणि माझ्या खिळ्याखाली बसायची. समोर कुणी नसायचं. ती पडद्याजवळ तोंड न्यायची आणि हळूच म्हणायची, "गिरिजा." मग जरा थांबून पुन्हा, "गिरिजा." एकदा शांतादेवी अचानक आल्या तर तिनं लॅपटॉप फटकन मिटला. आत्यानं नाव आधी कुणाला सांगायचं नसतं, पण तेवढ्यानं ती एवढी लाजली नसती. आई परत गेल्यावर ती मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवून स्वतःशीच बोलली, "माझ्या लेकीला ठिवलं आसतं. जाऊ दे, हिला शोभंल." हे नाव तिनं किती वर्षं सांभाळून ठेवलं होतं, हे घरात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

बारशाचा दिवस शुक्रवार ठरला, कारण दुबईत त्या दिवशी सुट्टी. सकाळपासून पाहुणे आले. पाहुण्यांबरोबर त्यांची लेकरं आली. अप्पांची एक सवय होती. घरात लोक जमले की किमती वस्तू उघड्यावर राहू द्यायची नाही. चांदीचं तांब्या-फुलपात्र त्यांनी कपाटात ठेवलं. तराजूची वजनं पेटीत घातली. मग फळीवरचं मशीन उचललं, बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं, तारांपुरती खाच कातरीनं कापली आणि झाकण गच्च बसवलं. त्याच्यावर सुतळीचे गुंडे रचले. कुणाला काही सांगितलं नाही. किमती वस्तू कुठं ठेवली हे सांगायचं नसतं, ही त्याच सवयीतली पुढची सवय.

माजघरात पाळणा बांधला होता. रिकामा पाळणा हलवत नाहीत, म्हणून शेजारच्या चंद्रभागाबाईंनी वरवंट्याला कुंची घालून आत निजवला. त्याच्या शेजारी उशीवर लॅपटॉप ठेवला. घुगऱ्या शिजल्या. बायका जमल्या. आणि लॅपटॉपवर काहीच दिसेना.

शिवकन्येनं तो दारापाशी नेला, खिडकीत धरला, डोक्यावर धरला. शहादेवला फोन केला. तो म्हणाला, "तिकडूनच गडबड हाय, दुबईकडून." दुबईहून राजेश्वरचा फोन आला. खणखणीत आवाज, मला दुकानात ऐकू येत होता.

"अक्का, तू दिसत नाहीस. पोरगी झोपेला आलीय, लई रडतीय. प्रणिताची बहीण आलेली आहे इथं. ती म्हणती, मी ठेवते नाव. आर्या म्हणून."

शिवकन्या पाळण्यातल्या वरवंट्याची कुंची सारखी करत राहिली.

"अक्का, रागावू नको. घटकाभर बघतो, मग उरकून घेतो."

"बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चंद्रभागाबाई म्हणाल्या, "शिवकन्ये, आगं फोनमधी वराड की नाव. दुबईपत्तुर आयकू जाईल."

"कानात सांगायचं आसतं, काकू. वरडायचं नसतं."

मग ती दुकानात आली. सरळ माझ्याकडे. तिनं मला खिळ्यावरून काढलं.

"अप्पा, मशीन कुटं हाय?"

"डब्यात."

"कंच्या डब्यात?"

दुकानात डबेच डबे होते. अप्पांनी सुतळीचे गुंडे बाजूला केले. तिनं झाकण उचकटून काढलं, दूर ठेवलं, माझं एक टोक मशीनमध्ये घातलं. टिक. दुसरं टोक घेऊन ती मागच्या घराकडे निघाली. वाटेत उंबरा होता. उंबऱ्यावर शांतादेवी उभ्या होत्या.

शांतादेवींनी आधी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या बाजूला सरल्या. मी उंबऱ्यावर टेकले तेव्हा त्या खाली वाकल्या आणि मला बोटभर विभूती लावली. "कुणी पाय दिऊ नका गं हिच्यावर," त्या बायकांना म्हणाल्या. "वलांडून या."

तुटक्या जिभेचं टोक लॅपटॉपमध्ये गेलं. टिक झालं नाही. पण बायकांच्या गलक्यात ते कुणाला कळणार? इकडे पाळण्याला हेलकावा दिला की मी ताणली जायचे.

"पाळणा थांबवा," शिवकन्या म्हणाली.

"थांबवून कसं चालंल?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "थांबलेल्या पाळण्यात नाव ठिवत न्हाईत."

तेव्हा अप्पा पुढं आले. त्यांचा सगळा जन्म दोर बांधण्यात गेला होता. त्यांनी मला पाळण्याच्या दोरीला बारीक सुतळीनं जागोजागी बांधलं, आढ्याजवळ थोडी ढील सोडली आणि पाळणा हलवून बघितला. मी त्याच्याबरोबर झुलायला लागले. एका बाजूला वरवंटा, एका बाजूला मी.

आणि पडद्यावर दुबई दिसली.

राजेश्वरच्या मांडीवर लाल कुंचीतली पोरगी होती. रडून रडून तिचं नाकही लाल झालं होतं. राजेश्वरनं तिचा कान आपल्या लॅपटॉपपाशी आणला. शिवकन्या पाळण्यात वाकली. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. चंद्रभागाबाईंचा धपाटा जरा जोराचाच होता. ती कुर्रर्र म्हणाली, आणि मग ते नाव म्हणाली, माझ्या खिळ्याखाली बसून म्हणायची तितक्याच हळू. दुबईतलं बाळ रडायचं थांबलं आणि शिंकलं.

"आलं ऐकू!" राजेश्वर ओरडला. "गिरिजा! आई, गिरिजा ठेवलंय अक्कानं!"

शिवकन्या बराच वेळ पाळण्यातून वर आलीच नाही. बायका धपाटे घालत राहिल्या. मग चंद्रभागाबाईंनीच हात धरून त्यांना थांबवलं.

आता खरं सांगते. त्या दिवशी माझ्यातून एक अक्षरही गेलं नाही. टिकच झालं नव्हतं. नाव गेलं ते हवेतून. पत्र्याच्या डब्याचं झाकण निघालं आणि आत कोंडलेलं मशीन मोकळं झालं, एवढंच कारण. पण घरातले सगळे माझ्याकडे बघत होते. अप्पा चंद्रभागाबाईंना म्हणाले, "बघितलं का? दिसणारी वस्तू ती दिसणारी वस्तू." मला बोलता येत असतं तर मी मान नाकारला असता. मला बोलता येत नव्हतं.

आता अप्पा थकले आहेत. सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि चेहरे त्यांच्यात दिसायला लागले. मला कुणी फारसं वापरत नाही. पण गिरिजा सुट्टीत येते तेव्हा आत्याजवळ झोपते, आणि आत्या तिला माझ्याकडे बोट करून सांगते, "ह्या वायरनं तुझं नाव नेलं." मी ऐकून घेते. तुमच्याकडे माझं मागणं एकच आहे. वायर घ्या नाहीतर बिनवायरचं घ्या, तुम्हाला सोयीचं असेल ते घ्या. फक्त मशीन डब्यात ठेवू नका.

आमच्या घरी कसं ठरलं ते सांगायचं राहिलं. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला, शांतादेवींनी देवघराच्या भिंतीवर स्वतः जागा दाखवून भोक पाडून घेतलं, शहादेवनं माझं तुटलेलं तोंड बदलून मला त्यातून ओवलं, आणि टिक झाल्यावर अप्पांनी मशीन डब्यात ठेवून झाकण लावून टाकलं.