बिनमिरचीचं घर

प्रयोगशाळेत नमुन्यांना नावं नसतात, क्रमांक असतात. रुग्ण एक सांगतो आणि रक्त दुसरंच, असे क्रमांक बाजूला काढणं हे आसावरीचं काम. आतड्याला सूज आणणाऱ्या क्रोनच्या आजारात जनुकांवरच्या रासायनिक खुणा कशा बदलतात, याचा तिथे अभ्यास चालला होता. जनुकं जन्मापासून तीच राहतात. पण त्यांतलं कुठलं जागं राहील आणि कुठलं झोपेल, हे ठरवणाऱ्या खुणा वयाने, आजाराने, धुराने बदलत जातात. सिगारेटच्या धुराने तर एका ठरावीक जागेवरची खूण इतकी पुसली जाते, की ओढणारा बहुधा ओळखू येतो. सिगारेट सोडली, की ती हळूहळू परत भरते.

त्या दुपारी बाजूला निघालेला क्रमांक तिला ओळखीचा वाटला. वाटायला नको होता. पण त्या नळीवरचं लेबल तिनेच चिकटवलं होतं. समोर बाही सारून तिचा थोरला भाऊ बसला होता, मल्हार. "दुसऱ्याला कशाला बोलावतेस? लेबल तूच लाव ना." असं तो म्हणाला, आणि नात्यातल्या माणसाचा नमुना हाताळायचा नाही हा नियम माहीत असूनही तिने लावलं.

मल्हारने सिगारेट सोडून दोन वर्षं झाली होती. निदान तो तसं सांगत होता. गेल्या वर्षीच्या रक्तात खूण पुसट होती, यंदा ती भरायला हवी होती. ती आणखी पुसली गेली होती. आसावरीने आधी यंत्रावर संशय घेतला, मग स्वतःवर. नमुना पुन्हा चालवला. आकडा जागचा हलला नाही.

सोमवारी मल्हारचं ऑपरेशन होतं. औषधं लागू पडत नाहीत, म्हणून आतड्याचा तुकडा काढायचं ठरलं होतं. ती का लागू पडत नसतील, हे डॉक्टरांना ठाऊकच नव्हतं. आणि धूर चालू राहिला तर कापल्यावरही दुखणं परत येण्याचा धोका मोठा होता.

संध्याकाळी बनशंकरी भागातल्या त्यांच्या घरी मल्हार गच्चीवर सापडला.

"अण्णा, तू ओढतोस."

"कोण म्हणतं?"

"तुझं रक्त."

तो हसला. "ऑफिसखाली सगळेच ओढतात गं. त्यांचा धूर असेल."

"शेजारच्याच्या धुराने एवढं होत नाही."

त्याचं हसू गेलं. "म्हणजे तू माझं रक्त चोरून वाचलंस? यावर तुमच्या मॅडम काय म्हणतील, आसू? सांग डॉक्टरांना. तुझी नोकरी जाईल, बघ."

तो म्हणत होता ते खरं होतं. त्याने ते इतक्या पटकन शोधून काढावं, याचंच तिला जास्त लागलं.

"जेवायला या रे!" खालून आईची हाक आली.

दोन वर्षं या घरात मिरची आली नव्हती. मल्हारचं निदान झालं तेव्हा आईने विचारलं होतं, "माझ्याच हातच्या तिखटाने झालं का रे?" मल्हार काही बोलला नव्हता. आसावरीने परोपरीने समजावलं, पण आईने त्याचं गप्प राहणंच खरं मानलं. लोणच्याच्या बरण्या शेजारच्या अनुसूयाक्कांना देऊन टाकल्या आणि स्वतःही तिखट सोडलं.

आज ताटात दहीभात होता आणि फिकं वरण.

"आज मिरीसुद्धा घातली नाही," आई म्हणाली. "स्वल्प मीठ, बस. ऑपरेशन आहे ना. माझ्यामुळे आणखी काही व्हायला नको."

आसावरीने मल्हारकडे पाहिलं. आता तरी बोलेल, असं तिला वाटलं.

"बरं केलंस आई," तो म्हणाला. "तिखट मला सोसतच नाही."

आसावरीने हात धुतला. फोन घेतला आणि तिथेच, ताटासमोर, प्रयोगशाळेच्या प्रमुखांना लावला.

"मॅडम, आसावरी. अभ्यासातल्या एका नमुन्याची ओळख मी फोडली आहे. तो माझा भाऊ आहे. हो, लेबल मीच लावलं होतं. सोमवारच्या आत त्याच्या डॉक्टरांना कळायला हवं, म्हणून आधी तुम्हाला सांगते."

"ठेव तो फोन," मल्हार दबक्या आवाजात म्हणाला.

 पलीकडून मॅडम म्हणाल्या, "उद्या कामाला हात लावू नकोस. आधी मला भेट."

"हो मॅडम."

आईच्या हातात वरणाचा डाव तसाच राहिला होता. "काय कळायला हवं डॉक्टरांना?"

"अण्णा, तू सांगतोस, की मी सांगू?"

मल्हार भातातली कढीपत्त्याची पानं ताटाच्या कडेला लावत राहिला. मग त्या पानांकडेच बघत म्हणाला, "सिगारेट. सुटली नाही. दिवसाला एखाददुसरी."

"ते आकडे एखाददुसरीचे नाहीत," आसावरी म्हणाली.

आई खाली बसली. डाव अजून तिच्या हातातच होता. तिने एकदा लेकाकडे पाहिलं, मग लोणच्याच्या बरण्यांच्या रिकाम्या फळीकडे.

"मग माझं तिखट?" तिने विचारलं.