तबकडीखालचा तारा

भावोजींचं घड्याळ बंद पडल्याचं कळलं आणि घड्याळजीला मनातून बरंच वाटलं. त्या डबड्याचं कौतुक ऐकून तीस वर्षं त्याचे कान किटले होते. म्हणे मनगटी घड्याळं नुकती निघाली तेव्हाचं, अस्सल स्विस! तबकडीवर नाव होतं ते घड्याळ विकणाऱ्या दुकानाचं, आणि आतल्या मशीनवर कुणाचंच नाही. बिननावी मशीन म्हणजे घड्याळजीच्या लेखी भंगार. असली डबाभर मशीनं त्याने एकदा बायकोपुढे सरकवली होती, "घे, खेळत बस." तिने त्यातल्या दोन मशीनांची कानातली केली. उरलेला डबा त्याने भंगारवाल्याला देऊन टाकला. ती कानातली घालून बायको काउंटरवर बसायची, आणि हा गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा, "आमच्याकडे कचरासुद्धा कानात घालतात."

पण घड्याळ घेऊन आलेल्या ताईचा चेहरा बघून त्याची जीभ जागीच थांबली. "यांची नजर गेली, अंथरूण सुटत नाही. दिवसभर हे कानाशी धरून पडलेले असायचे. बंद पडल्यापासून धड जेवतही नाहीत रे. काहीही कर."

टिकटिक चालवणारं बॅलन्सचं चाक ज्यावर झुलतं, तो दांडा मोडला होता. तसाच दांडा हवा, म्हणजे आधी मशीन कुठलं ते ओळखायला हवं. त्याने पुस्तकं उपसली, मापं घेतली, शेवटी नाक मुठीत धरून एका जुन्या कारागिराला फोन केला. त्याला तो आजवर ठोंब्याच म्हणत आला होता.

"तबकडी काढलीस का?" ठोंब्याने विचारलं.

काढली नव्हती. दर वेळी मागून तेलाचा थेंब सोडून घड्याळ परत दिलं होतं. असल्या डबड्यासाठी एवढे कष्ट कोण घेतो!

त्याने दोन बारीक स्क्रू सैल केले. तबकडीखाली, चावीजवळ, इवलासा तारा ठोकलेला होता आणि शेजारी आकडा. पुस्तकात तारा सापडला. कारखाना कधीच बंद पडला होता, म्हणजे नवा दांडा मिळायची आशा संपली.

"दिसला का तारा?" मागून बायकोने विचारलं.

"तुला काय माहीत?"

"डब्यातल्या सगळ्यांच्या तबकड्या मी काढल्या होत्या. प्रत्येकीखाली हाच तारा, हाच आकडा. दाखवायला आले, तर म्हणालात, डोकं खाऊ नकोस."

तिने डाव्या कानातलं काढून टेबलावर ठेवलं. तार नुसती स्क्रूच्या भोकातून ओवलेली होती. "डिंक कुठेच लावलेला नाही. म्हटलं, चालती वस्तू आहे, खराब कशाला करायची."

घड्याळजीला तिच्याकडे बघायची लाज वाटली. त्याने मान खाली घालून भिंग डोळ्याला लावलं आणि कानातल्यातला दांडा सोडवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी घड्याळ कानाशी धरलं आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग हसले. "काय रे, तीस वर्षं भंगार म्हणालास. आता तरी सांग, कुणाचं मशीन आहे हे?"

पलंगापाशी बायको उभी होती, एक कान मोकळा.

"हिचं," तो म्हणाला.