इथे हसायचं

मी एक विनोदी कादंबरी बोलतेय. आधीच सांगून टाकते, कारण मला वाचून ते कळत नाही, असं चोलेंगचं म्हणणं.

माझ्यात चार म्हाताऱ्या मैत्रिणी आहेत. कवळ्या हरवतात, भलत्याच बसमध्ये चढतात. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या बाजारातून पुरिंगने मला उचललं. वाचताना ती इतकी हसली की चाळिसाव्या पानावर कॉफी सांडली. मग पेन्सिलीने जागोजाग लिहिलं, 'इथे हसायचं', आणि मला शेजारच्या चोलेंगच्या हातात कोंबलं. दोघी सत्तरीच्या. एकमेकींच्या मुलांच्या धर्ममाता, म्हणून हाक 'कुमारे'.

"वाचलंस का, कुमारे?" पुरिंग रोज कुंपणावरून विचारायची.

"वाचतेय गं. गुडघेदुखीत हसण्यासारखं काय असतं?"

"तुझी असेल तर काही नाही. माझी असली की बरी हसतेस!"

चोलेंग दोन पानं रेटायची आणि चष्मा काढून डोळे चोळायची. तिच्या घरी पत्त्यांच्या टेबलाभोवती पूर्वी चौघी बसायच्या. आता दोन खुर्च्यांवर धुतलेल्या कपड्यांचे ढीग. माझ्यातल्या चौघी मात्र शेवटपर्यंत चारच. तिचा राग मला कळायचा, पण छापलेलं बदलू कसं? एकाच पानावर पालथी पडून पडून मीही थकले.

"कुठे हसलीस ते मला सांगायचं हं," पुरिंग म्हणाली. "मी गेल्यावर कुणाला सांगशील?"

महिन्याभरात ती गेलीच.

तिच्या शवपेटीशेजारी रीतीप्रमाणे पत्ते रंगले, तिचे किस्से निघाले, सगळे हसले. चोलेंगने मला पिशवीत घट्ट धरलेलं. दुपारी बायका निघाल्या. अशा घरून सरळ आपल्या घरी जायचं नसतं. वाटेत कुठेतरी टेकायचं, म्हणजे गेलेला जीव मागोमाग येत नाही.

"चल, कोपऱ्यावर कॉफी घेऊ," एकीने चोलेंगला म्हटलं.

चोलेंग थांबली नाही.

"अगं, येईल ना ती मागे!"

"येऊ दे. तिचं पुस्तक राहिलंय माझ्याकडे."

घरी आल्या आल्या तिने पुरिंगच्या खुर्चीवरही साचू लागलेले कपडे उचलले, खुर्ची समोर ओढली आणि मला मोठ्याने वाचायला घेतलं. तेव्हापासून रोज दुपारी वाचते. खुणेपाशी थांबते, खुर्चीकडे बघते. हसलेली नाही अजून. काल मात्र म्हणाली, "इथे? इथे हसलीस तू? वेडी कुठली!" आणि ओठ जरासे हलले.

माझा डिंक सुटलाय, शंभरेक पानं उरलीत. मला बळेबळे कुणी हसू नका. त्या खुर्चीवर कपडे तेवढे टाकू नका.